शहराच्या कडेला सायन्स पार्क करायचं तर सुरुवात जमिनीपासून करू नका

प्रश्न असा होता: शहराच्या कडेला तीनेकशे एकर जागा मिळण्यासारखी आहे, तिथे सायन्स आणि इनोव्हेशन पार्क करायचं ठरतंय, तर प्लॅनिंग कुठून सुरू करायचं, आणि पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कात ट्रॅफिकचं, पाण्याचं जे झालं ते आपल्याकडे होऊ नये म्हणून काय करायचं. मी नगररचनेत काम करते, आणि बरीच वर्षं शहराच्या हद्दीबाहेरच्या जमिनींवरच केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. उदाहरण पुण्याचंच घेते, कारण काय करावं आणि काय करू नये हे दोन्ही इथे पाषाण ते हिंजवडीजवळचं माण एवढ्या पट्ट्यात बघायला मिळतं.

सगळ्यात आधी, जागा मिळतेय म्हणून पार्क करायचं हा क्रम उलटा आहे. मीटिंगमध्ये पहिला नकाशा उघडतो तो सातबाऱ्यांचा, मग त्यावर रस्ते पडतात, प्लॉट पडतात, गेट कुठे ते ठरतं, आणि इथे येणार कोण हा प्रश्न शेवटी येतो, तोही 'कंपन्या येतीलच' एवढ्यावर संपतो. खरा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा तो असा: आज आपल्या शहरात लॅबमध्ये काम करणारी माणसं कोण आहेत, त्यातली कोण स्वतःचं काही सुरू करायच्या बेतात आहेत, आणि त्यांचं नेमकं कशावाचून अडलंय.

पुण्याचं बघा. एनसीएलचं, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, उद्घाटन नेहरूंच्या हस्ते 3 जानेवारी 1950 ला झालं तेव्हा पाषाण ही शहराच्या बाहेरची जागा होती. म्हणजे आपण आज ज्याला शहराची कड म्हणतोय तसलीच. त्याच रस्त्याला पुढे संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळा, हवामानशास्त्राची संस्था आली, 2006 मध्ये आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आली, आणि पलीकडे विद्यापीठाच्या आवारात खगोलशास्त्राच्या आयुका आणि एनसीआरए, पेशीविज्ञानाची एनसीसीएस, संगणकाची सीडॅक. याला कुणी 'पार्क' म्हणून बोर्ड लावला नाही, पण पुण्यातलं विज्ञान आजही प्रामुख्याने याच पट्ट्यात आहे. आणि 2007 मध्ये एनसीएलच्या जागेत व्हेंचर सेंटर हे स्टार्टअपना आधार देणारं केंद्र सुरू झालं तेव्हा त्याला शेकडो एकर लागले नाहीत, लागली ती लॅबची जागा, भाड्याने वापरता येतील अशी उपकरणं, आणि भिंतीपलीकडे बसलेले शास्त्रज्ञ. नुकती पीएचडी झालेल्या मुलाला एनएमआरवर (रेणूंची रचना तपासायचं महागडं उपकरण) एक सॅम्पल चालवायचं असतं आणि आलेल्या ग्राफचा अर्थ विचारायला कुणीतरी जाणकार हवा असतो, या दोन गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर असतील तर काम पुढे सरकतं. त्यासाठी गाडी काढून दीड तास जायचं असेल तर तो आठवड्यातून एकदा जातो, मग महिन्यातून एकदा, मग जातच नाही.

जगातली जी पार्कं खरंच चालली त्यात हीच गोष्ट दिसते. केंब्रिज सायन्स पार्क 1970 मध्ये ट्रिनिटी कॉलेजने स्वतःच्या जमिनीवर काढलं, विद्यापीठापासून सायकलने जाता येईल इतकं जवळ. तैवानचं सिंचू पार्क 1980 चं, ते मुद्दाम दोन विद्यापीठं आणि इट्री या सरकारी संशोधन संस्थेच्या शेजारी ठेवलं, आणि टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी 1987 मध्ये इट्रीतूनच बाहेर पडली, सुरुवातीची फॅब, म्हणजे चिपचा कारखानासुद्धा इट्रीचाच होता. स्टॅनफर्डचं इंडस्ट्रियल पार्क 1951 चं, ते तर विद्यापीठाच्याच जमिनीवर. या तिन्ही ठिकाणी आधी संस्था होती आणि पार्क तिच्या अंगाला लागून वाढलं.

त्यामुळे तुमची तीनशे एकर जागा जर सगळ्यात जवळच्या चांगल्या कॉलेजपासून किंवा प्रयोगशाळेपासून पंचवीस किलोमीटरवर असेल तर मी स्पष्ट सांगेन की दोनच मार्ग आहेत. एक, एखाद्या संस्थेचा खरा, काम करणारा विभाग, म्हणजे प्राध्यापक, पीएचडीची मुलं, उपकरणं सगळं त्या जागेवर आणायचं, आणि तेही पहिल्या कंपनीच्या आधी. दुसरा मार्ग, पार्कचा पहिला भाग संस्थेच्या आवारातच पाच-दहा एकरात करायचा आणि कडेची जागा पुढच्या वाढीसाठी राखून ठेवायची. दुसरा मार्ग स्वस्त पडतो आणि माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक मध्यम शहरांना तोच बरा.

जमिनीची मोजणी लावण्याआधी तीन-चार महिने फक्त माणसांना भेटण्यात घाला. अर्ध्या तासाच्या अंतरातल्या सगळ्या लॅब, फार्मसी कॉलेजं, कृषी संशोधन केंद्रं, मेडिकल कॉलेजं, चांगले टूलरूमवाले, हे सगळे. त्यांना 'पार्कमध्ये याल का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, त्या हो ला काही किंमत नाही. विचारायचं ते असं, की आत्ता तुम्ही कोणतं टेस्टिंग बाहेर पाठवता, कुठे पाठवता, किती दिवसांनी रिपोर्ट येतो, भाडं किती देता, वीज गेली तर काय बिघडतं. यातून जी उत्तरं येतात त्यावर पार्कचा पहिला आराखडा ठरतो. बहुतेक वेळा मागणी निघते ती पाचशे ते हजार स्क्वेअर फुटांच्या ओल्या लॅबची (वेट लॅब, जिथे रसायनं, द्रव, जैविक नमुने हाताळतात), एका कोल्ड रूमची, चार-पाच महागड्या शेअर्ड उपकरणांची आणि ती चालवणाऱ्या पगारी ऑपरेटरची. ऑपरेटर हा शब्द मी मुद्दाम लिहितेय, कारण उपकरण घ्यायला ग्रँट मिळते, ते चालवणाऱ्याच्या पगाराला सहसा मिळत नाही, आणि मग मशीन प्लॅस्टिकच्या कव्हरखाली पडून राहतं. आणि जर सगळीकडून उत्तर एकच आलं की आम्हाला फक्त ऑफिस हवंय, तर शहराच्या कडेला काही करूच नका, शहरात बसस्टँडजवळ चांगली इमारत बघा, मुलांचा येण्याजाण्याचा वेळ तरी वाचेल.

आता नाही म्हणण्याबद्दल. सायन्स पार्क बिघडतं ते चुकीच्या टेनंटमुळे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं इमारती रिकाम्या दिसतात, वरून विचारणा होते, वर्तमानपत्रात बातमी येते, आणि मग कुणीतरी म्हणतं की एवढं कॉल सेंटर घेऊ, एवढं गोडाऊन घेऊ, भाडं तर येईल. एकदा घेतलं की मग तेच होतं, कारण आयटी ऑफिसला माणसी साधारण शंभर स्क्वेअर फूट पुरतात आणि लॅबला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतात, म्हणजे त्याच बांधकामात दुप्पट-तिप्पट माणसं येतात, आणि तुमचे रस्ते, पार्किंग, पाणी सगळं लॅबच्या हिशोबाने काढलेलं असतं. शिवाय ऑफिसवाला जे भाडं देऊ शकतो ते लॅबवाला सुरुवातीला देऊ शकत नाही, त्यामुळे लॅबवाला बाहेर फेकला जातो. म्हणून कोण चालेल आणि कोण नाही हे लीजच्या कागदात पहिल्या दिवसापासून लिहून ठेवावं लागतं. केंब्रिजला ट्रिनिटीने संशोधनाशी संबंध असलेल्यांनाच जागा द्यायची हे धोरण ठेवलं. आपल्याकडे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आयआयटी मद्रासचं रिसर्च पार्क, 2010 चं, तिथे कंपनीला नुसतं भाडं भरून भागत नाही, आयआयटीबरोबर प्रोजेक्ट करा, विद्यार्थ्यांना इंटर्नशिप द्या, प्राध्यापकांचा वेळ घ्या, त्याचे क्रेडिट मिळवायला लागतात. हा नियम जसाच्या तसा उचलावा असं माझं ठाम मत आहे. संस्थेशी काही देणंघेणं नसलेली कंपनी कितीही मोठी असली तरी ती पार्कच्या कामाची नाही, तिला एमआयडीसीत जागा आहे.

जमीन विकायची नाही, हे दुसरं. स्टॅनफर्डला देणगीच्या अटींमुळे जमीन विकताच येत नव्हती, म्हणून त्यांनी लीजवर दिली, आणि त्यामुळेच तिथे कोण येणार यावर विद्यापीठाचा ताबा राहिला. आपल्याकडे एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या लीजवर जातो. कागदावर ती लीज आहे, पण घेणारा ती मालकीसारखीच वापरतो, बांधकाम न करता प्लॉट धरून ठेवतो, भाव चढला की ट्रान्सफर करतो. कारखान्याला एवढी मुदत ठीक आहे, यंत्रं बसवायची असतात, बँकेचं कर्ज असतं. पण पार्कच्या पहिल्या टप्प्यात प्लॉट देऊच नयेत, इमारत पार्कने स्वतः बांधावी आणि गाळे तीन-तीन, पाच-पाच वर्षांच्या भाड्याने द्यावेत. स्टार्टअप वाढली तर मोठा गाळा, बंद पडली तर दुसऱ्याला. प्लॉट द्यायचेच झाले तर दुसऱ्या टप्प्यात, आणि इतक्या मुदतीत एवढं बांधकाम, एवढी माणसं संशोधनावर, नाहीतर परत, अशा अटीवर.

टप्प्याबद्दल सांगते. तीनशे एकरातले पहिले वीस-पंचवीस एकरच उघडा, आणि तेही सगळ्यात आतले नाही, जुन्या रस्त्याला लागून असलेले, जिथे बस आज येते. बाकीच्या जमिनीला कुंपण घालू नका, भूमिपूजनाच्या नादात सगळीकडे डांबरी रस्ते काढून ठेवू नका, त्यावर पाच पावसाळ्यांत झाडं उगवतात आणि दुरुस्तीचा खर्च मात्र चालू होतो. उरलेली जमीन पिकाखाली राहू दे, आधीच्या शेतकऱ्यांनाच वर्षाच्या कराराने कसायला द्या. वेळ लागणार हे गृहीतच धरायचं. केंब्रिजला पहिली कंपनी, लेझर-स्कॅन, आली 1973 मध्ये, म्हणजे सुरू केल्यावर तीन वर्षांनी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातलं रिसर्च ट्रँगल पार्क 1959 मध्ये सुरू झालं, मागे तीन मोठी विद्यापीठं असूनसुद्धा खरी हालचाल झाली ती 1965 ला आयबीएम आली आणि केंद्र सरकारची पर्यावरण-आरोग्याची संस्था तिथे न्यायचं ठरलं तेव्हा. तुमच्या पैशाच्या हिशोबात पहिली पाच-सहा वर्षं तोटा दाखवलेला नसेल तर तो हिशोब कुणीतरी खूश करायला केलाय असं समजा.

इमारतीबद्दल आर्किटेक्ट मंडळींना एक कळकळीची विनंती. आयटीची इमारत आणि लॅबची इमारत या दोन वेगळ्या जाती आहेत. तयार आयटी इमारतीत केमिस्ट्रीची लॅब बसवण्याचा प्रयत्न मी जवळून बघितलाय: फ्यूम हूडचा (विषारी वाफा ओढून घेणारं, पुढे सरकती काच असलेलं कपाट) धूर छतावर न्यायला शाफ्टच नाही, पोस्ट-टेन्शन स्लॅब असल्यामुळे आतल्या केबलच्या भीतीने स्लॅबला भोक पाडता येईना, शेवटी डक्ट काचेच्या भिंतीतून बाहेर काढायचं ठरलं तर फायर एनओसी अडली, आणि सहा जणांची ती टीम भाडं भरत नुसती बसून राहिली.

फ्यूम हूड म्हणजे काय मागतो ते आकड्यात बघा. साधा दीड मीटर रुंदीचा हूड, काच अर्धा मीटर वर केलेली, तोंडाशी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर ठेवायचा असतो. म्हणजे तासाला 1,350 घनमीटर हवा, ती एसीने थंड केलेली, सरळ छतावरून बाहेर. एका मजल्यावर असे वीस हूड धरले तर तासाला 27,000 घनमीटर. शंभर चौरस मीटरची तीन मीटर उंच खोली 300 घनमीटरची, म्हणजे तासाभरात अशा नव्वद खोल्यांमधली थंड हवा आपण बाहेर टाकतोय आणि तेवढीच नवी आत घेऊन परत थंड करतोय, पुण्याच्या एप्रिलमध्ये. विजेचं बिल, सबस्टेशनचा आकार, जनरेटर, छतावरची जागा सगळं या एका आकड्यावरून ठरतं. म्हणून मजल्याची उंची सव्वाचार-साडेचार मीटर, प्रत्येक गाळ्याला स्वतःचा शाफ्ट आणि तो सुरुवातीला रिकामा असला तरी चालेल, गॅस सिलिंडर आणि केमिकलचा साठा तळमजल्यावर बाहेरून उघडणारा, मालाची लिफ्ट वेगळी. मायक्रोस्कोप आणि लेझरवाल्यांना तळमजल्याची, हेवी गाड्यांच्या रस्त्यापासून आणि जनरेटरपासून लांबची बाजू द्या, कारण कंपन. वीज दोन वेगळ्या फीडरवरून, कारण उणे ऐंशीच्या फ्रीजरमधले नमुने एका रात्रीत गेले तर कुणाची तीन वर्षं गेलेली असतात.

पाण्याकडे मात्र लोक फार उशिरा वळतात, आणि मला सगळ्यात जास्त तेच खुपतं. एका साइटवर आम्ही नकाशा घेऊन फिरत होतो, मोजणीच्या नकाशावर ओढा एका कडेने सरळ रेघेत दाखवलेला, आणि तिथले एक म्हातारे काका म्हणाले, ''ताई, ओढा हितनं दावलाय खरा, पण पानी जातंय ते तिकडनं.'' आणि त्यांनी विहिरीच्या कठड्यावरची गाळाची रेघ दाखवली, जमिनीपासून चांगली कमरेएवढी. ती रेघ कुठल्याच रिपोर्टमध्ये नव्हती. म्हणून सांगते, कंटूर सर्व्हे, म्हणजे जमिनीच्या चढ-उतारांची मोजणी, करा, जलसंपदा खात्याची निळी आणि लाल पूररेषा घ्या, पण त्या रेषा मोठ्या नद्यांच्या असतात, ओढ्यांच्या बहुतेक ठिकाणी आखलेल्याच नसतात, त्या तुम्हाला गावातल्या माणसांना विचारूनच काढाव्या लागतील, आणि ते काम पावसाळ्यात करायचं.

हिशोब साधा आहे. शंभर एकरावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर दोन कोटी लिटर पाणी पडतं. शेत असताना त्यातलं बरंचसं मुरतं, समजा तीस टक्के वाहून जातं, म्हणजे साठ लाख लिटर. छपरं, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक आले की ऐंशी टक्के वाहतं, म्हणजे एक कोटी साठ लाख. ओढा तोच, त्याच्यावरच्या मोऱ्या त्याच, पाणी अडीचपटीपेक्षा जास्त. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे, बेसाल्ट, त्यात पाणी खोल मुरायला जागा कमी, त्यामुळे नुसते रिचार्ज बोअर मारून भागत नाही, वरच्या बाजूला तळी ठेवावी लागतात, ओढ्याच्या दोन्ही काठांना जागा सोडावी लागते, आणि ती गार्डन म्हणून नाही, पाण्याची जागा म्हणूनच. 2025 च्या पावसाळ्यात हिंजवडीतले रस्ते पाण्याखाली गेले ते सगळ्यांनी बघितलंच, डोंगरउताराचं पाणी ज्या वाटांनी मुळेकडे जायचं त्या वाटांवर भराव आणि बांधकामं आली की पाणी रस्त्याने जातं, त्याला दुसरा मार्ग राहत नाही.

येणाऱ्या पाण्याचंही तेच. तैवानमध्ये 2021 च्या दुष्काळात चिप बनवणाऱ्या कंपन्यांना टँकर लावावे लागले, एवढं नियोजन असलेल्या देशात. तुमचं धरणातलं आरक्षण मंजूर आहे का, की नुसतं पत्र दिलंय, हे बघा. आणि लॅबचं सांडपाणी घरच्या सांडपाण्यात मिसळू देऊ नका, सुरुवातीपासून दोन वेगळ्या लाइन टाका, नंतर वेगळ्या करता येत नाहीत. घातक कचऱ्याला पुण्याजवळ रांजणगावला सोय आहे, इतर शहरांनी आपली सोय किती लांब आहे ते आधी विचारावं, कारण छोट्या स्टार्टअपचा महिन्याचा पाच लिटर सॉल्व्हंट न्यायला कोणी गाडी पाठवत नाही, पार्कने तो गोळा करून ठेवायची परवानगी स्वतः घ्यायला हवी.

ट्रॅफिकबद्दल विचारलं होतं. हिंजवडीत तीन फेज एकामागून एक आत आत गेल्या, आतल्या फेजच्या माणसांचा मुख्य रस्ता पहिल्या फेजमधून आणि गावाच्या चौकातून, आणि राहायला माणसं हायवेच्या अलीकडे वाकड, बाणेर, बालेवाडीत. मेट्रो लाइन तीन, माण ते शिवाजीनगर, तेवीस किलोमीटरची, तिची पायाभरणी 2018 च्या डिसेंबरात झाली, तोवर कंपन्या येऊन दोन दशकं होत आली होती. आता तुमच्या पार्कात वीस हजार माणसं कामाला आहेत आणि त्यातली साठ टक्के एका तासात येतात असं धरा. बारा हजार माणसं. गाडीत सरासरी सव्वा माणूस बसतो, म्हणजे साडेनऊ हजार गाड्या, आणि सिग्नल असलेल्या रस्त्यावर एका लेनमधून तासाला फार तर हजार-बाराशे जातात. आठ-नऊ लेन, फक्त जायच्या बाजूला. असा रस्ता कुणीच बांधू शकत नाही आणि बांधला तरी पुढच्या चौकात अडकतोच. तीच माणसं पन्नासच्या बसने आणली तर 240 बस, दोन वेगवेगळ्या रस्त्यांवर वाटल्या तर दर अर्ध्या मिनिटाला एक, हे शक्य आहे. पण त्यासाठी पार्कला दोन वेगळ्या दिशांनी वाटा हव्यात, बसला स्वतःची लेन हवी, आणि बस पहिल्या दिवसापासून हवी, रिकामी धावली तरी. सवय लागते ती पहिल्या महिन्यात, एकदा माणसाने गाडीचं कर्ज काढलं की तो बसमध्ये परत येत नाही. केंब्रिजच्या पार्कजवळ रेल्वे स्टेशन आलं 2017 मध्ये, पार्क सुरू झाल्यावर 47 वर्षांनी, ते त्यांना परवडलं कारण तिथे शहर सायकलच्या अंतरावर होतं.

आणि घरं. रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये अनेक दशकं घरं बांधायला परवानगीच नव्हती, सात हजार एकर, नुसती ऑफिसं आणि झाडं, आता तिथे घरं, दुकानं आणायची धडपड चालू आहे. सिंचूने सुरुवातीलाच घरं आणि दोन भाषांमधली शाळा दिली, कारण परदेशातून परत येणाऱ्या इंजिनिअरची पहिली चिंता मुलांच्या शाळेची होती. तेव्हा भाड्याच्या छोट्या खोल्या, एक बरी शाळा, पाळणाघर, रात्री अकराला उघडी असलेली खानावळ, हे पहिल्या टप्प्यातच हवं. प्रयोग संध्याकाळी सहाला संपत नाही, आणि रात्री एकटी मुलगी लॅबमधून बाहेर पडून सुरक्षित घरी जाऊ शकत नसेल तर तुमचं निम्मं मनुष्यबळ तिथे येणारच नाही.

शेवटचा आणि अवघड भाग गावाचा. जागा 'मिळण्यासारखी' आहे म्हणजे कुणाची आहे? गायरान असेल तर जपून, 2011 च्या जगपाल सिंग निकालानंतर गावाची सामाईक जमीन सहज देता येत नाही, आणि देऊही नये, त्यावर गावाची जनावरं आहेत. खाजगी असेल तर सरळ संपादनापेक्षा टीपी स्कीमचा (नगररचना योजनेचा) विचार करा, सगळ्यांच्या जमिनी एकत्र घेऊन, रस्ते-सुविधा काढून, विकसित प्लॉट परत द्यायचे. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनीच जवळपास चारशे एकर एकत्र केले आणि जमिनीच्या प्रमाणात कंपनीत भागीदार झाले, ते पुण्याच्या डोळ्यांसमोर झालंय. पार्कमध्येही भाड्यातला हिस्सा शेतकऱ्यांच्या कंपनीला कायमचा मिळावा अशी रचना करता येते. एकरकमी चेक गाडीत आणि लग्नात जातो असं लोक शेतकऱ्याला नावं ठेवत म्हणतात, पण ज्याचं दरवर्षीचं उत्पन्न आपण काढून घेतलं त्याला दरवर्षीचं उत्पन्न द्यायला नको का?

घोषणा झाली की दुसऱ्या दिवसापासून कुंपणाबाहेर गुंठ्या-गुंठ्याने विक्री सुरू होते, तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून असूनही. तीन-चार वर्षांत पार्कच्या चारही बाजूंना अरुंद गल्ल्यांची, ड्रेनेज नसलेली वस्ती तयार होते आणि मग ना पार्कला रस्ता वाढवता येतो ना त्या लोकांना पाणी देता येतं. म्हणून प्लॅन फक्त तीनशे एकराचा करू नका, भोवतालच्या दोनेक किलोमीटरचा करा, शिवरस्ते आणि पाणंद रस्ते त्यात रुंद करून घ्या, आणि घोषणेच्या आधी करा.

हद्दीचा प्रश्नही तेव्हाच सोडवायचा. हिंजवडीत आत एमआयडीसी, भोवती पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), गावं ग्रामपंचायतींची, शेजारी पिंपरी-चिंचवड महापालिका, त्यामुळे एकच खड्डा कुणी बुजवायचा आणि एकच नाला कुणी साफ करायचा यावर वर्षं जातात. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम 40 खाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमता येतं, पण त्याला नुसते परवानगीचे अधिकार देऊन उपयोग नाही, कचरा, ड्रेनेज, रस्त्याची देखभाल आणि कराचा वाटा हे सगळं गावांसकट एकाच कागदावर ठरलं पाहिजे, ग्रामपंचायतीच्या ठरावासह. आणि तीनशे एकर म्हणजे 121 हेक्टर क्षेत्र असल्यामुळे 2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांच्या मूल्यांकनाच्या) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागणारच, ती तुकडे पाडून टाळायचा सल्ला कुणी देत असेल तर ऐकू नका, पुढे कोर्टात सगळं अडकतं.

तर पहिल्या वर्षात माझ्या यादीत एवढंच असेल: माणसांच्या भेटींचा अहवाल, एका संस्थेशी लेखी करार ज्यात किती प्राध्यापक आणि कोणती उपकरणं तिथे हलणार हे नावानिशी आहे, एका पूर्ण पावसाळ्याचं पाण्याचं निरीक्षण, भोवतालच्या गावांचा प्लॅन, आणि संस्थेच्या आवारात किंवा जुन्या रस्त्यालगत भाड्याने घेतलेल्या एखाद्या शेडमध्ये आठ-दहा लॅब चालू. जमिनीच्या अधिसूचनेचा प्रस्ताव त्यानंतर पाठवा. त्या आठ-दहा लॅब वर्षभरात भरल्या नाहीत तर तीनशे एकर मागूच नका, आणि भरल्या तर त्यातल्या लोकांनाच पहिल्या इमारतीच्या डिझाइन मीटिंगला बोलवा, शाफ्ट कुठे हवा ते त्यांना आर्किटेक्टपेक्षा जास्त कळतं. तुमच्या जागेचा गट नंबर नको, पण जवळची संस्था किती अंतरावर आहे, ओढा कोणत्या बाजूला आहे आणि आत्ता एसटी किंवा सिटी बस कुठपर्यंत येते एवढं लिहिलंत तर कुठला भाग आधी उघडावा ते मी जास्त नेमकं सांगू शकेन.